मसाल्याच्या डब्यातले फिल्टर

हवाबंद डब्यात काय ठेवावं, हे मला पन्नाशीतही कळत नाही.

आमच्या कागद कारखान्यात मी ब्लीचिंगला, म्हणजे लगदा पांढरा करायच्या खात्यात आहे. क्लोरीनसाठी मास्क असतो, त्याला कोळशाचे दोन फिल्टर. ड्यूटी संपली की ते हवाबंद पिशवीत ठेवायचे. उघडे राहिले तर कोळसा मिळेल तो वास पीत बसतो आणि फुकट संपतो. माझी पिशवी फाटली. नवी मागायचा संकोच (मी माणूसच तसा!), म्हणून मास्क लोधीपुऱ्यात घरी आणला आणि फिल्टर घट्ट झाकणाच्या एकुलत्या एक डब्यात ठेवले. बायकोच्या काळ्या मसाल्याच्या!

सुमन तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला नाशिकला होती. रोज फोनवर विचारायची, "जेवलात? करमतं का?"

"मजेत आहे! तू निवांत राहा."

माझ्यापायी तिने लेकीला अर्ध्यात सोडावं, हे पाप मला नको होतं. खरं तर भाजीला चवच लागत नव्हती. मला वाटलं, सुमन नाही म्हणून! (मसाल्याचा वास कोळसा पितोय, हे कुठे ठाऊक!)

सोमवारी कामावर मास्क चढवला, श्वास घेतला, आणि आत वास! आत वास आला म्हणजे फिल्टर संपला, तडक बाहेर पडायचं. "वास येतोय!" ओरडत मी पळालो. माझ्यामागे अख्खं खातं पळालं!

सुपरवायझरने मास्क हुंगला. "अशोकभाऊ, ये क्लोरीन नहीं, शेवभाजी है! फेको इसको. मरना है क्या?"

नवे फिल्टर मिळाले, पिशवीसकट. जुने मात्र टाकवेनात. संध्याकाळी ते मास्कला बसवून, मास्क चढवून स्वयंपाकघरात बसलो. डोळे मिटले की वाटे, ओट्याशी सुमन फोडणी देतेय.

शेजारच्या कोकिळावहिनींनी खिडकीतून पाहिलं. मला हाक न मारता त्यांनी थेट नाशिकला फोन लावला: "सुमनताई, तुमच्या घरात गॅस सुटला! भाऊ मास्क लावून बसलेत, आँखें बंद!"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने सुमन दारात. तिने आधी मसाला आणि ते फिल्टर कचऱ्यात टाकले, मग माझ्याकडे पाहिलं. "मजेत आहात ना?"

दुपारी लेकीचा फोन. "बाबा, आई अजून महिनाभर राहणार होती!"

मी मनापासून माफी मागितली. नशीब, व्हिडिओ कॉल नव्हता. माफी मागताना इतका हसणारा बाप दिसला असता, तर पोरीने ती जन्मात दिली नसती!