काकूंची लिली आणि काकांची कात्री

सलूनवाले काका निवृत्त झाले, पण त्यांचे हात काही निवृत्त व्हायला तयार नव्हते. पायपुसण्याचे धागे, पडद्याच्या झालरी, शेजाऱ्याच्या मिशा, दिसेल त्याला कात्री. "यांच्यासमोर डुलकी घ्यायचीही सोय नाही," काकू म्हणायच्या. "जाग येईस्तोवर भुवया गायब!"

काकूंचा जीव मात्र घरामागच्या अरुंद पट्ट्यात. उंच भिंतीमुळे तिथे ऊन फिरकत नसे. शेवाळाशिवाय काही उगवायचं नाही, असं अख्ख्या गल्लीने छातीठोक सांगितलं होतं. काकूंनी हट्टाने तिथेच ठिपक्यांची लिली लावली. सावलीतच रमणारं, दर वर्षी मुळांतून नव्याने फुटणारं झाड; फुलणार मात्र बाकी सगळ्यांची फुलं आटोपल्यावर. दोन वर्षं नुसती पानंच. यंदाचं तिसरं, आणि नेमक्या काकू दवाखान्यात. डॉक्टर काकांना बाजूला घेऊन म्हणाले होते, "पुढच्या आठवड्यात घरी न्या. त्यांना जे दाखवायचं ते यंदाच दाखवा, पुढच्या वर्षाचं सांगता येत नाही."

काकूंचा रोज एकच प्रश्न. "कळ्या धरल्या का हो?"

"धरतील गं."

काकू येणार म्हणून काकांनी घर आवरायला घेतलं, आवरत आवरत मागे गेले. लिलीचे दांडे वाटेवर लोळत होते, चार महिने केस न कापलेल्या पोरासारखे. काकांची बोटं शिवशिवली. सगळे दांडे एका उंचीत, झकास! मागे सरून, एक डोळा मिटून त्यांनी कापणी तपासलीसुद्धा. मग कातरण गोळा करताना टोकांशी हिरवे मणी दिसले. एक नखाने उकलला. आत जांभळे ठिपके.

काका तिथेच ओल्या फरशीवर बसले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. "कळ्या धरल्या का?"

"धरल्या होत्या."

"होत्या म्हणजे?" काकूंची नजर त्यांच्या हातांवर गेली. "अगंबाई! कापलीत?"

काकांनी मान हलवली.

"सगळी?"

"एका उंचीत."

काकूंना हसू फुटलं, हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबला तरी पदर डोळ्यांवरून लवकर हलला नाही.

"मुळं शाबूत आहेत ना? मग घ्या लिहून. तुमच्या काही लक्षात राहत नाही."

काकांनी खिशातली औषधांची चिठ्ठी उलटी केली.

"थंडीत दांडे वाळतील. मेलं म्हणून उपटू नका तुम्ही. उन्हाळ्यात पाणी मुळाशी घाला, पानांवर नको. दांडे लोळले तर काठीला बांधा. बांधा म्हणतेय मी, कापा नव्हे."

तिसऱ्या ओळीवर काकांचं पेन अडलं. त्या पट्ट्यात पाऊल टाकलं की 'व्हा मागे, मी करते' म्हणून खेकसणारी ही बाई. आज मात्र सगळं तुम्ही करा, तुम्ही बांधा.

"पुढे?" त्यांनी विचारलं.

"एवढंच. वाचून दाखवा बघू."

काकांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली. अक्षर त्यांचंच होतं, पण वाचता येईना.