काकूच्या मानेवरचा मळ

बायांनो, घरात कुणाची मान काळी पडली तर घासू नका, तपासा.

मी छातीच्या कॅन्सरमधून उठलेली. आज परभणीत डॉक्टर मॅडम माझी मान बघून म्हणाल्या, "हा मळ नाही. शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसेल. हृदयही तपासू."

विद्यापीठाच्या नामांतराच्या आदल्या वर्षी ताडकळसला माझ्या काकूला हाच कॅन्सर झाला. ऑपरेशननंतर तिचा हात वर जाईना, म्हणून अंघोळ मी घालायचे.

आई ओरडायची, "लय मळ हाय मानंवर, घास!"

मी पाय घासायच्या दगडानं रक्त येईस्तोवर घासायचे.

"छातीत दुखायलंय गं," काकू म्हणायची.

"नाटकं करायलीय," मी आईला सांगायचे.

काकू हार्ट अटॅकनं गेली. शेवटच्या अंघोळीलाही मी तोच दगड मागून घेतला.