बर्फात नेलेलं रक्त

अंबरपेठेत चाळीस वर्षं मी दुधाचं दुकान चालवलं. शिक्षण चौथी. पण जे नासतं ते बर्फात ठेवायचं, एवढं पक्कं ठाऊक होतं. त्या एका विद्येवर पोरं वाढवली आणि त्याच विद्येनं बायको घालवली.

ती दुकानात माझ्याबरोबरच बसायची. बर्फाच्या टबातून पाकिटं काढून द्यायचं काम तिचं. एका हिवाळ्यात तिची बोटं निळी पडायला लागली. पिंडऱ्यांवर जांभळे ठिपके उठले. "अहो, हात लाकडासारखे झालेत," म्हणायची. मी म्हणायचो, "गिऱ्हाईक उभं आहे. आधी पाकीट दे, लाकूड मग बघू." माझं तोंड असंच. आता लिहिताना त्या तोंडात एक मारावीशी वाटते.

शेवटी नारायणगुड्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी समजावून सांगितलं की रक्तात एक बिघडलेलं प्रोटीन असावं, थंडी लागली की त्याच्या गुठळ्या होतात आणि बारीक नसा तुंबतात. पण खात्री करायला हवी, आणि ती तपासणी दिलसुखनगरच्या लॅबमध्येच व्हायची. हिला तेवढं जाणं झेपत नव्हतं. म्हणून रक्त तिथंच काढलं आणि नळी माझ्या हातात दिली. सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीवर इंग्रजीत एक ओळ, तिच्याखाली दोन रेघा ओढलेल्या. ती ओळ काय आहे ते मी विचारलं नाही. चौथी शिकलेला माणूस विचारत नाही, मान हलवतो.

बाहेर उसाच्या रसवाल्याकडून बर्फ मागून घेतला, दुधाच्या किटलीत भरला, त्यात नळी उभी केली आणि निघालो. वाटेत दोनदा झाकण उघडून बघितलं, बर्फ वितळला तर नाही ना. लॅबवाल्यांनी नळी घेतली, चिठ्ठी घेतली, हूं नाही की चूं नाही.

रिपोर्ट आला. काही नाही.

मुलगा म्हणाला, "आई, नॉर्मल है बोले तो नॉर्मल है. टेन्शन नक्को." मी त्याच्यावर कडी केली. "ऐकलंस? तुला काही झालेलं नाही. उगं कुरकुर."

पुढं वर्षभर तिनं टबात हात घातले. तक्रार केली नाही. रिपोर्टच्या वर कोण बोलणार?

पायाला जखम झाली, ती भरेना. तोंड सुजलं. पुन्हा नारायणगुडा. बाईंनी जुना रिपोर्ट उलटापालटा केला आणि माझ्याकडं बघितलं. "ब्लड कैसा लेके गए थे?"

मी छाती काढून सांगितलं, "बरफ में, मॅडम. एकदम ताजा."

बाईंनी डोळे मिटले. मग लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. ते रक्त लॅबमध्ये पोचेपर्यंत अंगाइतकं गरम राहायला हवं होतं. दोन रेघांवरची ती ओळ हीच होती. बर्फात गुठळ्या वाटेतच बसल्या. लॅबनं खालचं गोठलेलं टाकून दिलं आणि वरचं पाणी तपासलं. त्यात काय सापडणार, कपाळ?

मी खुर्चीत मेलो. आणि ही शेजारी बसून हसली. "मॅडम, इनकू नक्को पूछो. मैं मरी तो बी पैले बरफ पे रखेंगे."

दुसऱ्या वेळी नळी काखेत धरून नेली. रिक्षावाला म्हणाला, "काका, हाथ को क्या हुआ?" म्हटलं, "गाडी बघ, हात नको बघू." या वेळी रोग सापडला. पण तोवर मूत्रपिंडं गेली होती. औषधं सुरू झाली, आणि आठ महिन्यांत ती गेली.

त्या आठ महिन्यांत घरी येईल त्याला ती सांगायची, "लॅबवाल्यांनी पहिला रिपोर्ट चुकवला." मुलालाही तेच सांगितलं. मी चिडलो. "अगं, शिव्या दे मला. एकदा तरी दे."

"चाळीस वर्षं दिल्या, ऐकल्या का? आता कशाला तोंड दुखवू? गरम पाणी आणा पायाला."

झालं. मला सोडवलं म्हणे तिनं. कसलं सोडवलं! मुलगा अजून त्या लॅबला शिव्या देतो. वर्षश्राद्धाला पाहुण्यांसमोर उठून बोलला की त्यांच्यावर केस टाकणार. मी जेवत होतो. मान हलवली. पुन्हा तेच, मान हलवली.

म्हणून हे लिहून काढलं. पण त्याला मराठी धड वाचता येत नाही, अक्षर अक्षर लावत बसतो आणि दुसऱ्या ओळीला कागद खाली ठेवतो. म्हणजे मलाच वाचून दाखवावं लागणार. रविवारी येतो तो. चहा झाला की समोर बसवतो आणि पहिल्या ओळीपासून वाचतो.