ओट्याखालचा ओटा

बावीस वर्षं तिने दारोदार टपाल वाटलं; अख्खं गाव तिला टपालवालीच म्हणे. एक दिवस जिना उतरताना पाय घसरला, पाठीचा मणका दुखावला आणि पाय कायमचे लुळे पडले. चाकाच्या खुर्चीतून ओट्यावरच्या भांड्यात डोकावताही येईना, तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "आयतं गिळून मी लवकर मरेन. ओटा खाली आणा."

गवंडी आला. खुर्चीत बसलेल्या तिच्या कोपराची उंची त्याने मोजली, गुडघ्यांसाठी खाली किती मोकळं सोडायचं ते ठरवलं आणि घण उचलला. चौथ्या घावाला थांबला.

"वहिनी, इथं आत आधीच एक ओटा आहे हो."

खरंच होता. काळ्या दगडाचा, बुटका. खालच्या विटा काढल्या तर पोकळी निघाली, गुडघे सहज मावतील एवढी. गवंड्याने टेप लावली आणि तिच्यापुढे धरली. मघाच्या मापात आणि यात सुताचाही फरक नव्हता. जमिनीची वरची फरशी उखडल्यावर खालच्या जुन्या फरशीत दोन उथळ चाकोऱ्या दिसल्या, ओट्यापाशी येऊन वळलेल्या. नवऱ्याने खुर्ची पुढे ढकलली. चाकं त्यांत अलगद बसली.

वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या शेजारणीला विचारलं, तर तिने आधी कानांवर हात ठेवले. मग हळूच म्हणाली, "फार पूर्वी इथं भाऊ-बहीण राहायचे. बहीण अशीच खुर्चीत. ती गेली, पण चाकांची कुरकुर काही थांबेना. शेवटी भावाने ओटा बुजवला, वर नवा चढवला."

"मग थांबली?" टपालवालीने विचारलं.

"तो राहिला कुठं ऐकायला! महिन्याभरात घर सोडून गेला."

"फोडून टाका तो ओटा," नवरा गवंड्याला म्हणाला.

"राहू द्या," टपालवाली म्हणाली. "जन्मभर लोकांची कुत्री अंगावर घेतली मी. ही तर बाईमाणूस."

काम संपलं त्या दुपारी ती एकटीच भाजी चिरायला बसली. खुर्चीचा ब्रेक लावलेला होता. तरी डावीकडे कुरकुर झाली, जवळ आली, थांबली. तिने सुरी खाली ठेवली, ब्रेक सोडला आणि खुर्ची वीतभर उजवीकडे सरकवली.

पुढे अकरा वर्षं तिने तिथंच रांधलं. ओट्याचा डावा कोपरा तिच्या हाताच्या टप्प्याबाहेर होता, पण तिथं कधी धूळ बसली नाही.

नवऱ्याने एकदाच विचारलं, "हा कोण पुसतं गं?"

"तुम्ही नाही, एवढं नक्की," ती म्हणाली आणि फोडणीकडे वळली.