सईच्या नायकाचा पूल

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्या बिचाऱ्याला माझ्या गुडघेदुखीपासून सगळंच ऐकावं लागतं. आज का सांगतेय ते विचारू नका, मलाही धड ठाऊक नाही.

आधी थोडी फुशारकी मारू द्या. अमेरिकेतल्या आमच्या अल्फारेटात मी 'फँटसीवाली मावशी' म्हणून प्रसिद्ध आहे. ड्रॅगन, जादूगार, शापित तलवारी — असल्या लठ्ठ कादंबऱ्यांचा मी फडशा पाडते, आणि मग प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या आमच्या पॉटलकला त्यातल्या नायकांची सालटी काढते. कालपर्यंत शहाणा होता, आज अक्कल गहाण का टाकली? लेखकाची अडचण होती म्हणून? लोक हसतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

म्हणून तर माझ्या मैत्रिणीने, मेधाने, तिच्या मुलीला माझ्याकडे पाठवलं. सई तेव्हा नुकतीच ग्रॅज्युएट झाली होती आणि तिने एक फँटसी कादंबरी लिहिली होती. इंग्रजीतच, अर्थात. वाचताना माझं कुकरच्या शिट्ट्यांकडे लक्ष राहिलं नाही, इतकी चांगली होती.

तिचा नायक राक्षसांशी लढलेला. त्याला लहानाचं मोठं करणारा म्हातारा गुरू नदीपलीकडे मरणाला टेकलेला असतो, सारखे निरोप धाडतो. आणि हा जात नाही. पूल वाहून गेलाय म्हणून कळवतो. पूल धडधडीत उभा असतो. हा घरी बसून घोड्याचं खोगीर पुसतो, परत पुसतो — त्याला म्हाताऱ्याचा आता जसा झालाय तो चेहरा बघायची भीती वाटते. बस, एवढंच.

ते प्रकरण वाचून मी पुढचं पान उलटलंच नाही.

कारण — कसं सांगू — माझे वडील, अण्णा, अकोल्यात असेच पडून होते. नाकात नळी, माणसं ओळखू येईनाशी झालेली. दादा फोन करायचा, "ये गं, तुझं नाव घेतात." आणि मी म्हणायचे, परत यायला लागतं त्या व्हिसाच्या स्टॅम्पिंगची डेट मिळत नाही रे, आले तर तिकडेच अडकेन. इथे हे कारण कुणी तपासत नाही. प्रत्येकाच्या ओळखीत कुणी ना कुणी खरंच अडकलेलं असतं. दादानेही मानलं. उलट माझीच समजूत घातली त्याने. माझ्या पासपोर्टवर स्टॅम्प होता — चांगला पुढच्या वर्षापर्यंतचा. मी किचनमधली कपाटं घासत बसले होते. अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हाही मी तेच करत होते.

तर सई समोर, सोफ्यावर पाय घेऊन बसलेली. मी म्हटलं, "बाकी छान जमलंय. पण हा तुझा हिरो पटत नाही बाई. राक्षसाला न घाबरणारा माणूस आजारी म्हाताऱ्याला घाबरेल? असं कोणी वागत नाही."

ती म्हणाली, "लाइक, नोबडी? रिअली, मावशी?"

"कोणीच नाही," मी म्हटलं.

तिने पूल खरोखरच मोडला. नव्या ड्राफ्टमध्ये नायक पुरात उडी घेतो, गुरूजवळ पोचतो, रडतो. सगळं पटण्यासारखं, आणि अगदी अळणी. मी शाबासकी दिली. पुढे काही महिन्यांत तिने कादंबरी सोडूनच दिली.

पुष्कळ दिवसांनी मेधा बोलता बोलता म्हणाली, कॉलेजात सईची रूममेट हॉस्पिटलमध्ये होती, सई एकदाही भेटायला गेली नाही. एक्झाम्स आहेत म्हणत राहिली. ती मुलगी वाचली नाही. "तेव्हापासून स्वतःला माणसात धरत नाही बघ ही," मेधा म्हणाली. मी मान हलवली आणि तिला आणखी चहा विचारला.

म्हणजे ती पोर माझ्याकडे नायक तपासून घ्यायला आली होती का? तिला विचारायचं होतं, असं वागलेली माणसं असतात का, आणि पुढे त्यांचं काय होतं. तसं वागलेलं माणूस तिच्यासमोर हातभर अंतरावर बसलं होतं. "वागतात गं. मी वागले." एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं नाही, असं मी म्हणणार नाही — मी निघू दिलं नाही. आणि मेधाने सांगितल्यावर तरी? गणपतीला भेटतो, दिवाळीला भेटतो. मी पुस्तकांवर बोलते.

गेल्या महिन्यात सईचं डोहाळजेवण झालं. मी ओटी भरायला गेले तर तिने माझा हात धरला आणि मैत्रिणींना सांगितलं, "धिस इज माय मावशी. शी नेव्हर लाइज टू मी."

मी तिच्या ओटीत नारळ घातला आणि म्हटलं, "मग काय तर."