आय-ट्वेंटीवरचे सोनटक्के

अटलांटाला जायला निघालो आणि तासभर उलट्या दिशेने गाडी हाकली, ही गोष्ट घरात मी सोडून बाकी सगळे सांगतात. दोन हजार चारचा उन्हाळा. टेक्सासमधल्या अर्विंगहून आमचं बिऱ्हाड जॉर्जियातल्या, अटलांटाजवळच्या अल्फारेटाला चाललं होतं. मागे बायकोच्या, मेधाच्या मांडीवर डब्यात देव, शेजारी नऊ वर्षांची ईशा आणि माझ्या बाजूला, ड्रायव्हिंगला मदत म्हणून आलेले ऑफिसातले सोनटक्के. आजोबांची बैलगाडी चिखलात रुतली ती गोष्ट मी अशी रंगवली, की आय-ट्वेंटी हायवेवर ईस्टऐवजी वेस्टचा फाटा धरला.

"बाबा, सन मागे का आहे?" ईशाने विचारलं.

"मी पाहिलं होतं जी," सोनटक्के शांतपणे म्हणाले. "पूर्वेला निघालेल्या माणसाच्या तोंडावर सकाळचं ऊन पायजे. पण गोष्ट रंगात होती न तुमची. मधात काहून तोडायची?"

मेधा खळखळून हसली. माझ्या गोष्टीला ती तोवर एकदाही हसली नव्हती.

सोनटक्के नागपूरचे. बायको-मुलगी तिकडे, हे इकडे एकटे. सुट्टीच्या दिवशी आम्ही मॉल पालथे घालायचो, तेव्हा हे रस्त्यांचा अ‍ॅटलास वाचत बसायचे. "रस्ता वाचता आला पायजे," हे त्यांचं पालुपद. आमच्या गाडीत गोष्टी सांगण्याचा मान माझा. तो त्यांनी लुइझियानाच्या हद्दीतच काढून घेतला.

"बेटा, सम आकडा म्हणजे आडवा रस्ता, विषम म्हणजे उभा. अन् आता पाह्य, मैल पुन्हा शून्यापासून. दरेक राज्याला वाटते, रस्ता आपल्यापासूनच सुरू होते!"

मग ते इतिहासात शिरले. लष्करातला एक तरुण अधिकारी. त्याचा ताफा देश ओलांडताना चिखलात रुतत, धडपडत गेला. पुढे तो राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याने हे हायवे बांधायला घेतले.

"कूल, काका!" ईशा म्हणाली. माझे आजोबा रुतले तेव्हा हीच मुलगी जांभया देत होती.

मला राहवेना. मी ठोकून दिलं, "ईशा, हा रस्ता थेट समुद्राला जाऊन मिळतो बरं का!"

"नाही जी, कुळकर्णीजी," सोनटक्के हळूच म्हणाले. "समुद्र दिसायच्या आधीच साउथ कॅरोलायनात संपते हा. अन् तिकडे पश्चिमेला वाळवंटातही दुसऱ्याच रस्त्यातून फुटते. ना स्वतःची सुरुवात, ना शेवट. मधातल्या मधात लोकांना घरी पोचवते बिचारा." एवढं बोलून त्यांनी अ‍ॅटलासचं पान उलटलं. मेधाने मागून खाण्याचा डबा पुढे केला आणि दशमीवर लोणचं घालून दिलं. त्यांना. मला विचारलंसुद्धा नाही.

व्हिक्सबर्गजवळ मिसिसिपीचा पूल आला. "हात जोडा," सोनटक्के म्हणाले. "नदी कोणाचीही असो, ओलांडताना नमस्कार करावा लागते." तिघांनी हात जोडले. माझे हात चाकावर. "तुम्ही स्टिअरिंग धरा. तुमचा नमस्कार मी करतो," म्हणत त्यांनी पुन्हा वाकून नमस्कार केला. माझा नमस्कारही त्यांच्याच नावावर गेला!

अल्फारेटाला सामान उतरवून ते विमानाने परतले. दोन वर्षांनी व्हिसाची मुदत संपली आणि ते कायमचे नागपूरला गेले. जाताना अ‍ॅटलास ईशाला पाठवला. मला नुसता फोन केला.

पुढच्याच वर्षी एका लग्नासाठी आम्ही त्याच रस्त्याने अर्विंगला निघालो. मी लायब्ररीतून पुस्तकं आणून जय्यत तयारी केली होती. अलाबामाभर मी बोललो. ईशाच्या कानात हेडफोन होते. पूल आला तसा मी आवाज चढवला आणि आरशात पाहिलं. हेडफोन गळ्यात उतरले होते. मायलेकी दोघीही हात जोडून, डोळे मिटून बसल्या होत्या.

पूल संपला.

"अहो, बोलता बोलता थांबलात का?" मेधा म्हणाली. "तुमचाही नमस्कार केलाय मी. पण सोनटक्के भावजींचा आधी केला."