सिनेमासाठी कोरलेला मुंडा

मी एक भुताचा सिनेमा लिहिला आहे. तो फारसा कुणी पाहिलेला नाही, आणि ज्यांनी पाहिला त्यांतल्या बऱ्याच जणांना भीती वाटली नाही. तरी विषय निघाला की मी छाती काढून सांगतो, तो माझा आहे. बायको म्हणते, विषय निघत नाही, तुम्ही काढता.

मी मोताळ्याला मास्तर आहे. खामगावात माझा एक मित्र लग्नांची शूटिंग करतो. लग्नसराई संपली की त्याचा कॅमेरा पडून राहतो आणि डोक्यात नाही नाही ते येतं. एकदा म्हणाला, "तुमच्या कोरकू लोकायत भुतायच्या गोष्टी असतीनच की. लिही न एखादी." खरं तर मला राग यायला हवा होता, पण आला हुरूप. आठ दिवसांत लिहून काढलं. मेलेल्या माणसाच्या लाकडी खांबात अडकलेला आत्मा गावाच्या मानगुटीवर बसतो आणि शेवटी नायिका खांबावर रॉकेल ओतून तो पेटवते, अशी गोष्ट.

असा खांब आम्हा कोरकू आदिवासींत खरोखर असतो. त्याला मुंडा म्हणतात. माणूस गेला की पुढे कधीतरी त्याच्या नावाने सागवान कोरायचं, त्यावर चंद्र, सूर्य आणि घोड्यावरचा स्वार काढायचा, आणि गावाबाहेर झाडाखाली आधीच्यांच्या रांगेत रोवायचं. तेव्हा कुठे तो आपल्या माणसांत पोचतो. त्यात कुणी अडकत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण मला सिनेमा करायचा होता.

माझं गाव जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. शूटिंग तिथेच ठरलं. मित्र म्हणाला, खांब थर्माकोलचा करू. मी हट्टाला पेटलो, खराच पाहिजे. गावातल्या मुंडा कोरणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेलो. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "कोनाचा?"

नाव सांगितल्याशिवाय तो लाकडाला हत्यार लावत नाही. सिनेमाचा म्हटलं असतं तर त्याने मला दारातून परत पाठवलं असतं. मी म्हणालो, "बाबाचा."

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचा मुंडा दर उन्हाळ्यात पुढे ढकलला जायचा. कधी परीक्षेचे पेपर, कधी निवडणुकीची ड्यूटी. मी मनाची समजूत घातली की हे खोटं नाही, जरा आधी सांगितलेलं खरं आहे. मास्तर माणसाला अशी वाक्यं पटकन सुचतात.

आमच्याकडे दिव्यांना पैसे नव्हते, म्हणून आमचं भूत भर दुपारी यायचं. शेवटच्या दृश्याच्या दिवशी मुंडा उभा केला. नायिका म्हणजे मित्राची बायको. तिच्या हातात काडेपेटी, पायाशी रॉकेलची बाटली. तेवढ्यात पायवाटेने आई आली. नवं लुगडं, डोक्यावर तांदळाची टोपली, हातात मोहाच्या दारूची बाटली. म्हाताऱ्याने तिला सांगितलं होतं. तिला वाटलं, पोरगा बापाच्या मुंड्याची शूटिंग करतोय.

"काऊन सांगतलं नाही मले?" ती म्हणाली. "बकरं तरी आनलं असतं." मग ती मुंड्यापुढे बसली आणि कोरलेल्या स्वाराच्या चेहऱ्यावरून तिने बोट फिरवलं. "नाक बारीक काढलं. त्यायचं नाक मोठं होतं."

मित्र कानाशी आला. "ऊन चाललं. म्हातारीले जरा बाजूले कर."

मला इतकी लाज आयुष्यात वाटलेली नाही. मी काडेपेटी काढून घेतली आणि आईला सगळं सांगितलं. खोटं बोलून कोरून घेतलाय, आणि आता तो जाळणार होतो, हेसुद्धा.

तिने एवढंच विचारलं, "नाव घेऊन कोरला न?"

"हो."

"मंग तो सिनेमाचा कसा राह्यला? तुह्या बापाचा झाला." आणि मित्राकडे हात करून म्हणाली, "त्याले म्हन, शूटिंग काढाचं तं काढ."

तिने तांदूळ ठेवले, दारू शिंपडली, बाबांना हाक मारली आणि गावाची खबर सांगायला लागली. कोणाचं लग्न झालं, कोणती गाय विकली, एसटी आता कुठपर्यंत येते. विधी सुरू झाला की कॅमेरा बंद करायचा नाही, ही मित्राची लग्नांतली सवय. त्याने तो बंद केला नाही. आमच्या सिनेमाचा शेवट तोच झाला. पुढच्या उन्हाळ्यात बकरं कापून रीतसर सगळं केलं आणि मुंडा रांगेत रोवला.

शूटिंग संपल्यावर मित्र दोन दिवस धुसफुसत होता. "हे भुताचं पिक्चर आहे का श्राद्धाचं?" पण आईच्या दृश्याला त्याने कात्री लावली नाही.

खामगावात एका ट्यूशन क्लासच्या खिडक्या झाकून आम्ही सिनेमा दाखवला. आई पहिल्या रांगेत होती. संपल्यावर एका कॉलेजच्या मुलीने विचारलं, "सर, शेवटी भूत तर दिसलंच नाही. मंग ते आजी जेवू कोनाले घालून राह्यली?"

मित्र म्हणायला लागला की ते प्रतीक आहे. मी उठलो.

"माह्या बाबाले," मी म्हणालो. "आन् ते माही माय आहे. हे इथं बसली."

आई उठली, वळून सगळ्यांकडे बघत उभी राहिली. खाली बसायची तिला काही घाई नव्हती.